आवक क्रमांक लागलेलं आमिष

"कुलूप ओढून बघितलंस का रे?"

आईचा हा आवाज मी ऐकला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि शाळेला उशीर झालेला होता. ती दोन जिने खाली, मी वर दारापाशी टाचा उंचावून. कुलूप लावायचं, किल्ली काढायची, धावत खाली यायचं. तोवर तिचा प्रश्न कठड्याला हात लावत लावत, एकेक पायरी मोजत वर चढलेला असायचा. मी परत वर. ओढून बघायचो. परत खाली. "एकदाच ओढलंस की दोनदा?" मी परत वर. दारामागं दार नाही, कुलपामागं कुलूप नाही, आत चोरण्यासारखं काही नाही. एक रेडिओ होता, तोही थोबाडीत मारल्याशिवाय बोलत नसे. पण त्या घराची राखण आम्ही राजवाड्यासारखी केली.

हा आवाज आधी सांगून ठेवला, कारण पुढं मुलाखतीत "या क्षेत्रातला आपला अनुभव किती?" असं विचारलं गेलं, मी "त्रेचाळीस वर्षं" असं उत्तर दिलं आणि समोरची माणसं हसली. मी विनोद केलेला नव्हता.

मी लिफ्ट तपासणाऱ्या कार्यालयात आवक-जावक कारकून आहे, म्हणजे होतो. कुठल्या इमारतीतली लिफ्ट माणसं न्यायच्या लायकीची आहे हे आमचं कार्यालय ठरवतं. आमच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट सहा वर्षं बंद आहे, कारण तिचं प्रमाणपत्र संपलंय आणि नूतनीकरणाचा अर्ज आमच्याकडेच प्रलंबित आहे. तो अर्ज मीच आवक केला होता. माझ्या बाजूनं काम चोख झालेलं आहे.

माझं काम समजायला सोपं आहे. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या खिडकीत येतो. मी त्याच्यावर शिक्का मारतो, क्रमांक घालतो, वहीत नोंदवतो, मग तो आत जातो. शिक्का नसलेला कागद आमच्याकडे कागद मानला जात नाही, आणि शिक्का असलेल्या कागदावर कुणी शंका घेत नाही. कार्यालयात ईमेल सुरू झाली तेव्हा लोक माझ्याकडे दुखवट्याला आल्यासारखे बघायला लागले होते. काही झालं नाही. कार्यालयाच्या नावानं आलेली प्रत्येक ईमेल मी छापायला लागलो. छापायची, शिक्का मारायचा, टेबलाटेबलावरून फिरवायची. आमच्या साहेबलोकांनी स्वतःची ईमेल स्वतः उघडल्याचं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. शिक्क्याशिवाय वाचलेल्या मजकुराची जबाबदारी कोण घेणार?

मग एके दिवशी एक परिपत्रक आलं. कागदविरहित कारभाराच्या धोरणानुसार आवक-जावक विभाग तिमाहीअखेर बंद. हे परिपत्रक अर्थात कागदावर आलं होतं. मीच त्याला क्रमांक दिला आणि स्वतःच्या अंत्ययात्रेला स्वतःच वाट करून द्यावी तसा तो कागद आत पाठवला. खाली दोन ओळी होत्या. कार्यालयात नवा माहिती सुरक्षा कक्ष उघडणार. त्यात एक खुर्ची इथल्या कर्मचाऱ्यासाठी, सायबर सुरक्षेचं प्रमाणपत्र असल्यास. नसल्यास नदीपलीकडचं जुन्या नोंदींचं गोदाम.

गोदामात गेलेला याआधीचा कारकून अजून तिथंच आहे असं म्हणतात. त्याचा पगार जातो, तो कुणाला दिसलेला नाही. मी सत्तावीस वर्षं माणसांसमोर बसलेला माणूस. उरलेली नऊ वर्षं वाळवीसमोर बसायची माझी तयारी नव्हती.

घरी मी जाहीर केलं, "मी सायबर सुरक्षेत जातोय."

मुलगी फिजिओथेरपी शिकते, त्यामुळं कुणाला कुठं दुखतं ते तिला बरोबर कळतं. ती म्हणाली, "बाबा, तू फोनचा आवाज कमी करायला माझ्याकडे आणतोस."

बायको "हं" म्हणाली. तिच्या "हं"च्या सतरा छटा मला पाठ आहेत. ही अठरावी होती.

समोरच्या दारात निवृत्त औषधवाले राहतात. चाळीस वर्षं दुकानात उभे राहिल्यानं ते सल्लासुद्धा मात्रेत देतात. "छान. दिवसातून तीनदा अभ्यास करा. जेवणानंतर. रिकाम्या पोटी घेऊ नका," ते म्हणाले. "माझ्या साडूचा मुलगा त्यातच आहे. नेमकं काय करतो हे घरात कुणालाच माहीत नाही. इतकं उत्तम चाललंय त्याचं!" मग आवाज खाली आणून, "आणि एक टोपीवाला काळा सदरा घ्या. हॅकरांच्या चित्रात सगळ्यांना असतो."

सदरा मी घेतला. खोटं कशाला बोलू? पहिल्याच संध्याकाळी आमच्याच इमारतीच्या पहारेकऱ्यानं मला आमच्याच फाटकावर अडवलं आणि कुणाकडे जायचंय असं विचारलं. मी माझं नाव सांगितलं. तो म्हणाला, "ते घरी नाहीत." याबाबतीत तो चूक नव्हता.

अभ्यासक्रम ऑनलाइन होता. पहिल्या धड्याचं शीर्षक होतं, 'कुणावरही विश्वास ठेवू नका.' मी तो धडा इतका मनापासून वाचला की अभ्यासक्रमावरसुद्धा विश्वास ठेवला नाही. नोंदणीत गुप्त प्रश्न होते: पहिल्या शिक्षकांचं नाव, लहानपणीचं लाडकं जनावर. धड्यात बजावलं होतं की अशा प्रश्नांची खरी उत्तरं देऊ नयेत. मी खोटी दिली. दुसऱ्या दिवशी दुसरा धडा उघडायला गेलो तर पडद्यानं विचारलं, लहानपणीचं लाडकं जनावर कोणतं? मी 'गेंडा' लिहिलं. चूक. 'शहामृग'. चूक. 'पाणघोडा'. दार बंद.

मदतकेंद्रातल्या बाईंचा आवाज अतिशय गोड होता. "सर, आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही तुम्ही नाही आहात."

"मग कोण आहे?"

"ते सांगता येणार नाही सर. गोपनीय आहे."

"अहो, पण मी पहिल्या धड्यात सांगितलं तसंच वागलो."

"हो सर. फार कमी लोक वागतात."

उपाय एकच होता. मी नोकरी करतो त्या कार्यालयाचं पत्र: सदर इसम हा तोच इसम आहे. कार्यालयाबाहेर जाणारं पत्र जावक विभागातून जातं. जावक विभाग म्हणजे मी. मी माझ्याविषयी चौकशी करणारा अर्ज मला दिला, मी तो आवक केला, मला पोच दिली आणि कागद मोठ्या साहेबांकडे सहीला ठेवला. मोठे साहेब म्हणजे कुठल्याही कागदाकडे तो आपल्या जिवावर उठलाय अशा नजरेनं बघणारा माणूस.

"तुम्ही तुम्हीच आहात याला पुरावा काय?"

"साहेब, सत्तावीस वर्षं मी रोज सकाळी तुमच्या टेबलावर टपाल ठेवतो."

"ते मला माहीत आहे हो. फाइलीत काय आहे?"

फाइलीत माझा तेविसाव्या वर्षीचा फोटो होता. साहेबांनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "यात मिशी आहे."

"ती काढली साहेब."

"कुणाच्या परवानगीनं?"

अडीच आठवडे गेले. मिशी काढल्याचं स्वयंघोषणापत्र मी दोन प्रतींत दिलं तेव्हा कुठं मी मीच असल्याचं पत्र निघालं. जावक क्रमांक मी स्वतःच घातला. आयुष्यात इतक्या अधिकृतपणे मी कधीच अस्तित्वात नव्हतो.

मग अभ्यास जोरात सुरू झाला. घर ही माझी प्रयोगशाळा. सगळ्यात आधी वायफायचा पासवर्ड बदलला: चोवीस अक्षरं, लहान, मोठी, आकडे, खुणा, आणि मध्ये एक उद्गारचिन्ह, कारण धड्यात म्हटलं होतं की चोराला आश्चर्य वाटलं पाहिजे. दहा मिनिटांत मुलगी किंचाळली. तिचं प्रात्यक्षिकाचं काम अर्धं वर गेलं होतं, अर्धं खाली राहिलं होतं. वीस मिनिटांत दार वाजलं. औषधवाले. चेहरा असा, की घरात काही वाईट घडलं असावं.

"तुम्ही काही बदललंत का?"

"हो. पासवर्ड."

"एका शब्दानं सांगायचं तरी!" ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "चार वर्षं आम्ही दोघं तुमचंच वापरतोय. सौभाग्यवतींची मालिका ऐन रंगात आली होती. असं अचानक तोडणं शेजाऱ्याला शोभत नाही हो. वहिनी, तुम्हीच सांगा."

मी माफी मागितली. चोवीस अक्षरं कागदावर लिहून दिली. ते चष्मा लावून वाचत म्हणाले, "उद्गारचिन्ह जेवणाआधी की नंतर?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसत गेले. माझ्या कारकिर्दीतला पहिला घुसखोर मी शोधला होता आणि पासवर्ड देऊन घरी पाठवला होता.

आता माझ्या एका अंगाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. खिडकीत बसलो असताना मी कधीही हसत नाही. एकदा एका बाईंनी अर्ज दिला होता: 'आमच्या लिफ्टमध्ये बिघाड आहे. आमचं घर चौथ्या मजल्यावर असून माझे पती रोज दुसऱ्या मजल्यावर उतरतात.' मी वाचलं. शिक्का मारला. पोच दिली. बाई डोळे पुसून गेल्या. चेहऱ्यावरची एक रेष मी हलू दिली नाही. ते माझ्या कामाचं इमान आहे. पण संध्याकाळी घरी आल्यावर मी तोच अर्ज आवाजासकट, पदरासकट करून दाखवला. बाईही मी, पतीही मी, लिफ्टही मी. बायको हसून हसून भिंतीला टेकली. आमच्या संसारातल्या बऱ्याच संध्याकाळी अशाच उजळलेल्या आहेत, दुसऱ्यांच्या अर्जांवर.

आता अभ्यासक्रमात फसलेल्या लोकांच्या कथाच कथा होत्या. मला खजिनाच मिळाला. जेवताना मी रोज एक सादर करायचो. एक प्राध्यापक, ज्यांनी ईमेलवरून ओळख झालेल्या परदेशी राजकुमाराला घर विकत घ्यायला मदत केली. एक गृहस्थ, ज्यांनी चोराला स्वतः फोन करून 'मी बरोबर भरलं ना?' असं विचारलं. मी चोराचा आवाज काढायचो, गृहस्थाचा काढायचो, मुलगी ठसका लागेपर्यंत हसायची. बायको मात्र मध्येच उठायची. गॅस बघायला. गॅस बंद असायचा. खिडकी लावायला. खिडकी लावलेली असायची. मला वाटलं, माझी कला उतरणीला लागली. मी आवाज आणखी चढवला.

परीक्षा मी दुसऱ्या खेपेला पास झालो. पहिल्या खेपेला कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणाऱ्या यंत्रानं माझे ओठ हलताना पाहिले आणि मी कुणाशी तरी बोलतोय असं ठरवलं. मी प्रश्न वाचत होतो. आमची पिढी मनात वाचत नाही.

प्रमाणपत्र छापून, त्याला आवक क्रमांक देऊन मी ते साहेबांपुढं ठेवलं, आणि त्याच आठवड्यात ती ईमेल आली.

सोमवार सकाळ. कार्यालयाच्या नावानं. 'वेतनवाढीच्या यादीत दुरुस्ती चालू आहे. खालील लिंकवर जाऊन आपलं नाव व पासवर्ड आज दुपारपर्यंत भरावा, अन्यथा वेतनवाढ रोखली जाईल.' मी प्रमाणित माणूस. एका नजरेत ओळखलं. पाठवणाऱ्याचा पत्ता मुख्यालयाचा नव्हता, त्याच्यासारखा दिसणारा होता. घाई होती, धमकी होती, लिंक होती. सातव्या धड्यातलं चित्र जसंच्या तसं. आमिष!

आता कुणी विचारेल, मग मी काय केलं? मी ती छापली. शिक्का मारला. आवक क्रमांक दिला.

हसू नका. आलेल्या कागदाविषयी मत असणं हे आवक कारकुनाचं काम नाही. उद्या मी कागद पारखून आत सोडायला लागलो, तर कार्यालय कोण चालवतंय असा प्रश्न निर्माण होईल. तरीही मी माझ्या प्रमाणपत्राला जागलो. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं: 'बनावट वाटते. कृपया भरू नये.' पेन्सिलीनं, कारण शाईनं शेरा मारायचा अधिकार अधिकाऱ्यांनाच आहे. आणि पेन्सिलीचे शेरे अधिकारी वाचत नाहीत, हाही नियमच आहे, फक्त कुठं लिहिलेला नाही.

कागद आत गेला. साहेबांनी शिक्का पाहिला, क्रमांक पाहिला, निश्चिंत झाले आणि लाल शाईनं लिहिलं: 'सर्वांनी तात्काळ पूर्तता करावी.' कागद टेबलावरून टेबलावर निघाला. लिंक कागदावर दाबता येत नाही. त्यामुळं एकेकजण ती एकशे अकरा अक्षरांची ओळ चष्मा सावरत हातानं टाइप करायला लागला. ज्यांना जमेना ते माझ्या खिडकीशी आले. दुय्यम निरीक्षक म्हणाले, "हा शून्य आहे की ओ?" मी मूळ ईमेल बघून सांगितलं, "शून्य." अर्धा दिवस मी लोकांना ते आमिष अक्षर-अक्षर वाचून भरवलं. लहान मुलाला घास द्यावा तसं.

फिरून फिरून कागद शेवटी माझ्याकडे आला. सर्वांच्या सह्या. वर साहेबांचा लाल शेरा: सर्वांनी. सर्वांमध्ये मी आलोच. लेखी आदेश मोडण्याचं धाडस मी सत्तावीस वर्षांत केलेलं नाही. मी माझं नाव भरलं, कार्यालयातही तोच ठेवलेला माझा चोवीस अक्षरी पासवर्ड भरला, उद्गारचिन्हासकट.

ती ईमेल चोरांनी पाठवलेली नव्हती. मुख्यालयानं नेमलेल्या तिशीतल्या सुरक्षातज्ज्ञ बाईंनी ती चाचणी म्हणून पाठवली होती. आमच्यासारख्या अकरा कार्यालयांत पाठवली होती. बाकीच्या दहा ठिकाणी पाचातला एक फसला. आमच्याकडे बेचाळीसपैकी बेचाळीस. त्यातले एक रजेवर होते. त्यांनी फोन करून दुसऱ्याला भरायला सांगितलं होतं.

हा निकाल मला मुलाखतीत कळला. टेबलापलीकडे मोठे साहेब, मुख्यालयाचे एक अधिकारी आणि मध्ये सुरक्षाबाई. त्रेचाळीस वर्षांच्या अनुभवावर हसून झाल्यावर बाईंनी एक कागद पुढं सरकवला. माझाच शिक्का. साहेब छताकडे बघायला लागले. तो लाल शेरा छतावर लिहिलेला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"हा पेन्सिलीचा शेरा कुणाचा?" बाईंनी विचारलं.

"माझा."

"म्हणजे तुम्ही ओळखलं होतं?"

"हो."

"मग शिक्का का मारलात?"

"आली होती म्हणून."

"आणि स्वतः भरलंत का?"

मी साहेबांकडे बघितलं. साहेब अजून छतावरच होते. "आदेश होता."

मुख्यालयाचे अधिकारी रुमालात तोंड घालून खोकले. माझे कान तापले. खिडकीत बसून मी जगभरच्या बावळटपणाची पोच दिली होती. आज माझाच अर्ज टेबलावर होता आणि समोरच्यांना हसू आवरत नव्हतं. कधी नव्हे ते मला त्या चौथ्या मजल्यावरच्या बाई आठवल्या.

सुरक्षाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "लोक फसतात याचं मला काही वाटत नाही. दहा कार्यालयांत फसलेल्यांपैकी एकानंही कळवलं नाही, हे मला छळतंय. खरा हल्ला असता तर पहिल्याच तासात कळणं महत्त्वाचं. सगळीकडे तक्रारीचं बटण दिलंय. कुणी दाबत नाही. लाज वाटते त्यांना. आणि अख्ख्या चाचणीत संशय लेखी नोंदवणारा माणूस हा एकच."

"पेन्सिलीनं," साहेब म्हणाले.

"पेन्सिलीनं," बाई म्हणाल्या. "तीन महिने यांना कक्षात घेऊन बघू. तीन महिन्यांत लोक चुका कळवायला लागले तर कायम. नाहीतर गोदाम."

असा मी सायबर सुरक्षेच्या कारकिर्दीत शिरलो. कक्ष म्हणजे माझी जुनीच खोली, दारावर नवी पाटी. खिडकी तशीच. मुख्यालयातून आलेले दोन तरुण कानात काहीतरी घालून पडद्यांकडे बघत बसायचे. त्यांच्यासमोर माणूस आला तर त्यांना आधी दचकायला व्हायचं. पहिले तीन आठवडे कुणी आलं नाही. बटण कोरं. मी गोदामाच्या बसचं वेळापत्रक पाहून ठेवलं.

चौथ्या आठवड्यात दुय्यम निरीक्षक खिडकीशी रेंगाळले. आधी हवेविषयी बोलले. मग म्हणाले, "समजा, एखाद्या माणसाला फोन आला. समजा, त्यानं काहीतरी आकडा सांगितला. माझा एक मित्र आहे, त्याच्याबाबतीत घडलंय."

सवयीनं माझा हात शिक्क्याकडे गेला. चेहऱ्यावर रेष नाही. मी वही ओढली, 'मित्र' असं लिहिलं, वेळ लिहिली, क्रमांक घातला, पोच फाडून दिली. ते पोचेकडे बघत राहिले. बरं झाल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. औषधवाल्यांच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या माणसाचा असावा तसा. तासाभरात त्या तरुणांनी पासवर्ड बदलून, दारं लावून, काय सांडलं होतं ते पुसून घेतलं.

मग रांग लागली. कुणाची मेहुणी, कुणाचा भाडेकरू, कुणाचा कुणीतरी. आमच्या कार्यालयातल्या माणसांना इतके मित्र असतील असं मला सत्तावीस वर्षांत वाटलं नव्हतं. सगळे फसलेले, सगळे हळू आवाजात बोलणारे. बटण अजून कोरंच होतं. वही अर्धी भरली. अकराव्या आठवड्यात खुद्द मोठे साहेब आले. दार लोटलं. "समजा," ते म्हणाले, "बऱ्यापैकी वरच्या हुद्द्यावरचा एखादा मनुष्य..." मी लिहिलं: बऱ्यापैकी वरच्या हुद्द्यावरचा मनुष्य. क्रमांक. पोच. साहेबांनी पोच घडी करून पाकिटात ठेवली, आतल्या कप्प्यात.

बाराव्या आठवड्यात मला कायम केल्याचा आदेश आला. आवक क्रमांकाशिवाय आला. थेट माझ्या ईमेलवर. मी तो तीनदा वाचला, पत्ता तपासला, मुख्यालयाला फोन करून खरा आहे ना ते विचारलं. सुरक्षाबाई फोनवर म्हणाल्या, "आता तुम्ही या धंद्यातले झालात."

संध्याकाळी घरी आलो तेव्हा उन्हाची शेवटची पट्टी जेवणाच्या टेबलावर पडलेली होती. मुलगी अजून यायची होती. बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी आदेश दाखवला. ती खरंच हसली, मला बरं वाटलं. मग मी खुर्ची मागं सरकवली, बाह्या वर केल्या आणि घसा साफ केला.

"ऐक. आज काय सादर करतोय ते बघच. समजा, बऱ्यापैकी वरच्या हुद्द्यावरचा एखादा मनुष्य..." साहेबांचा आवाज मला फार चांगला जमतो.

"थांबा," ती म्हणाली.

मी थांबलो.

"ही सगळी माणसं तुमच्याकडेच का येतात?"

"कारण मी हसत नाही," मी अभिमानानं म्हणालो. "शिकवून येत नाही हे. सत्तावीस वर्षांची तपश्चर्या आहे."

ती हातातल्या सदऱ्याकडे बघत राहिली. त्याची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली. मग टेबलाच्या पलीकडची खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. आमच्यामध्ये कपड्यांचा ढीग. तिचा चेहरा मी ओळखला. गेले दोन महिने रोज तोच चेहरा खिडकीपलीकडून बघत होतो, हवेविषयी बोलणारा.

"समजा, एखादी बाई..." तिनं सुरुवात केली आणि मान हलवली. "नाही. समजा नाही."

मी बाह्या खाली केल्या. हात टेबलावर सपाट ठेवले.

"मी ऑनलाइन शिवण शिकवत होते ना, गेल्या वर्षी. चारशे बायका होत्या. तुम्हाला वाटतं, कंटाळा आला म्हणून मी ते बंद केलं. मीच तसं सांगितलं होतं. मी बंद नाही केलं. एक फोन आला, फार सभ्य माणूस होता, मला ताई म्हणाला. मी मोबाइलवर आलेले सहा आकडे त्याला वाचून दाखवले आणि दुपारपर्यंत सगळं त्याचं झालं. माझे कापड बेतायचे धडे, माझा आवाज, माझी माणसं. त्यातल्या कितीतरी बायकांना त्यानं माझ्या नावानं फसवलं. मला अजून त्या रस्त्यात दिसल्या तर मी पलीकडून जाते." तिनं डोळे पुसले नाहीत. "तेव्हाच सांगायचं होतं तुम्हाला. दार उघडलं तेव्हा जिभेवर होतं. पण तुम्ही आत आलात ते कुणाचा तरी अर्ज सांगत, हसत. नाही सांगितलं. कारण तुम्ही तो फोन जेवताना करून दाखवला असता. त्याचा आवाज, माझा आवाज. मुलगी हसली असती. मीसुद्धा हसले असते. इतकं छान सांगता तुम्ही."